आज तारीख काय?

घरातला जुना कॉम्प्युटर चालू करताना मी गेले काही महिने एफ वन दाबत होते. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी उमटायच्या. दुसऱ्या ओळीत ‘पुढे जाण्यासाठी एफ वन दाबा’ अशा अर्थाचं काहीतरी असायचं, ते मी इमानेइतबारे दाबायचे. पहिल्या ओळीत काय आहे ते कधी वाचलं नव्हतं. एखाद्या दाराची कडी जरा वर उचलूनच ओढावी लागते, ती का अडकते हे कुणी बघत नाही, आल्यागेल्याला फक्त ‘जरा वर उचल’ एवढं सांगितलं जातं. तसंच हे.

हा कॉम्प्युटर विंडोज सेव्हनवर चालतो. घरात नवा लॅपटॉप आहे, पण आमचा स्कॅनर या म्हाताऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. पुढच्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजशी बोलणं जुळवून देणारा प्रोग्रॅमच निघाला नाही, आणि स्कॅनर स्वतः मात्र ठणठणीत. त्यामुळे हा अख्खा संगणक सध्या फक्त दुभाष्याची नोकरी करतो. महिन्यातून दोनदा त्याला उठवायचं, कागद स्कॅन करायचे, पेन ड्राइव्हवर घ्यायचे आणि भिंतीवरचं बटण बंद करून पुन्हा झोपवायचं. मुलगा म्हणतो, “आई, एवढ्या खटाटोपात नवा स्कॅनर आला असता.” आला असता. पण चालती वस्तू टाकून द्यायची म्हटलं की माझा हात मागे येतो, त्याला काय करणार?

अँटिव्हायरस आणला तो या पेन ड्राइव्हमुळे. तो दोन्ही घरी जेवणारा प्राणी. इकडचं तिकडे नेताना काय चिकटवून आणेल सांगता येत नाही. विंडोज सेव्हनवर चालेल असं ज्याच्या खोक्यावर लिहिलं होतं असा एक अँटिव्हायरस शोधला आणि आत टाकला. इथवर सगळं सुरळीत झालं. मग त्याने मला विचारलं, तुम्ही कोण?

म्हणजे प्रॉडक्ट की, विकत घेतल्याची खूण म्हणून खोक्यातल्या कार्डावर छापलेली अक्षरं, मागितली. कार्डावरचा राखाडी पट्टा नखाने खरवडला तर तिसरं अक्षर अर्धं नखाबरोबरच निघून आलं. उरलेल्यांत एक गोल होता, तो शून्य आहे की ओ, हे ठरेना. एक उभी रेघ होती, ती आय, एल किंवा एक यांपैकी काहीही असू शकत होती. विंडोजची स्वतःची जुनी २५ अक्षरांची की ज्याने आखली त्या माणसाचं मला या वेळी फार कौतुक वाटलं. त्या कीमध्ये फक्त २४ चिन्हं वापरायची असं ठरवलेलं होतं. शून्य नाही, एक नाही, आणि स्वर तर एकही नाही, म्हणजे ओ आणि आय आपोआप बाद. कुणीतरी कधीतरी असंच डोळे बारीक करून बसलं असणार. माझ्या अँटिव्हायरसवाल्यांच्या घरी तसं कुणी नव्हतं. शेवटी भिंग लावून सगळी अक्षरं एका चिठ्ठीवर ठळक लिहून काढली आणि ती चिठ्ठी मॉनिटरच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात चिकटवली. या चिठ्ठीकडे पुन्हा यायचं आहे.

चौथ्या प्रयत्नाला की बरोबर पडली असावी, कारण ‘चुकीची की’ हे म्हणणं थांबलं आणि नवं सुरू झालं: नोंदणी होऊ शकली नाही, इंटरनेट तपासा.

इंटरनेट तपासलं. मोबाइलवर धावत होतं, लॅपटॉपवर धावत होतं. या कॉम्प्युटरवर मात्र कुठलीही साइट उघडायला गेलं की ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ असा लाल फलक लागायचा. खरं तर मला तिथेच थांबायला हवं होतं. पण त्याचं नेहमीचंच आहे हे, असं म्हणून मी पुढे गेले. याच्यावरचा क्रोम १०९ नंबरला येऊन थांबलेला आहे. २०२३च्या सुरुवातीला आलेली ती आवृत्ती विंडोज सेव्हनसाठी शेवटची ठरली. तेव्हा साइट उघडत नसतील तर त्यात नवल ते काय? म्हाताऱ्या माणसाचा गुडघा दुखला की घरचे म्हणतात, वय झालं. दुसरा गुडघाही तेवढ्याच वयाचा आहे आणि तो दुखत नाही, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

हेल्पलाइनवर आधी बराच वेळ संगीत आणि मग एक मुलगा आला. आवाजावरून पंचविशीतला, अतिशय नम्र. “मॅडम, आधी जुना अँटिव्हायरस काढलाय का?” काढला होता, पण पूर्ण निघाला नव्हता. हे प्रोग्रॅम घर सोडताना खिळे भिंतीतच ठेवून जातात. दोन अँटिव्हायरस एका कॉम्प्युटरवर का नांदत नाहीत, ते त्याने छान सांगितलं. दोघांनाही प्रत्येक फाइल उघडण्याआधी मध्ये पडून बघायचं असतं, आणि एकाच्या हालचाली दुसऱ्याला हुबेहूब चोराच्या वाटतात. जुन्याचे अवशेष काढायचं वेगळं अवजार त्याच्याच कंपनीने दिलेलं होतं, ते चालवलं. मग फायरवॉल, म्हणजे इंटरनेटवरची ये-जा अडवणारी चौकी, थोडा वेळ बंद करून पाहिली. मग प्रोग्रॅमवर उजवी टिचकी मारून ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’. फरक शून्य.

मग तो मुलगा खऱ्या विषयावर आला, निदान मला तसं वाटलं. इंटरनेटवर दोन यंत्रं बोलायला लागतात तेव्हा कुठल्या कुलुपाने बोलणं बंद करायचं हे ती आधी ठरवतात. त्या कुलुपाचं नाव टीएलएस. १.० ही त्याची आवृत्ती १९९९ची, १.१ ही २००६ची, १.२ ही २००८ची. मार्च २०२१मध्ये पहिल्या दोघींना रीतसर निवृत्त करण्यात आलं. आता गंमत अशी, की विंडोज सेव्हनला १.२ येते. पण तिच्या पोटातल्या ज्या भागाकडून बरेच प्रोग्रॅम निरोप पाठवतात, त्या भागात ती मुळात चालू केलेली नसते. एक अपडेट घालून आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, एक आकडा बदलून तिला जागं करावं लागतं. येत असूनही कुणी सांगितल्याशिवाय न बोलणारी माणसं मला माहीत आहेत. ती अपडेट लॅपटॉपवर उतरवून, पेन ड्राइव्हवरून इकडे आणून घातली. ज्या पेन ड्राइव्हच्या भीतीने हे सगळं आरंभलं त्याच्याच पाठीवर बसून. कॉम्प्युटर बंद-चालू. एफ वन. नोंदणी होऊ शकली नाही, इंटरनेट तपासा.

“मॅडम, मला वाटतं सिस्टिम जुनी आहे,” मुलगा म्हणाला. त्याचंही तेच.

त्या संध्याकाळी मी चिडून व्हायरसांचा इतिहास वाचत बसले. पर्सनल कॉम्प्युटरवर पसरलेला पहिला व्हायरस १९८६चा, नाव ब्रेन. लाहोरमधल्या दोन भावांनी लिहिलेला. फ्लॉपीतून फ्लॉपीत शिरायचा. त्या व्हायरसाच्या आत त्या भावांची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेले होते. लस हवी असेल तर संपर्क साधा, असंही. म्हणजे चोर येताना आपलं कार्ड ठेवून जात होता, आणि माझा पहारेकरी माझ्याच घरात उभा राहून मला ओळखपत्र मागतो आहे! त्याचा स्वतःचा फोन नंबर शोधायला मला अर्धा तास लागला होता, तो मुद्दा वेगळाच.

उलगडा झाला तो कुठल्याही ज्ञानाने नव्हे, डिंकाने. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी गळून कीबोर्डवर पडली. ती ज्या कोपऱ्यात होती तिथे, पडद्याच्या खालच्या उजव्या बाजूला, घड्याळ असतं. घड्याळात बारा वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि तारीख होती १ जानेवारी २००९.

मी त्या तारखेकडे बघतच राहिले. विंडोज सेव्हन बाजारात आली २२ ऑक्टोबर २००९ला. म्हणजे आपल्या अंगात जी विंडोज चालते आहे ती जन्मायच्या आधीच्या दिवसात हा कॉम्प्युटर बसला होता आणि तिथून मला इंटरनेट तपासायला सांगत होता.

त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं काही चुकत नव्हतं. सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर दोन तारखा असतात: या दिवसापासून या दिवसापर्यंत ग्राह्य. आपल्याला नेहमी दुसऱ्या तारखेची भीती असते, औषधाच्या बाटलीसारखी. पण पहिली तारीखही तितकीच कडक आहे. नोंदणीचा सर्व्हर आपलं प्रमाणपत्र पुढे करत होता आणि आमचा म्हातारा ते उलटसुलट करून म्हणत होता, हे अजून सुरूच झालेलं नाही, तुम्ही पुढच्या काळातून आलेले दिसता. मग दार लावून घेत होता. कडक पहाऱ्याचा हा उत्तम नमुनाच होता. फक्त आज कुठला दिवस आहे एवढंच त्याला ठाऊक नव्हतं.

तारीख हाताने दुरुस्त केली. लाल फलक गेला, साइट उघडली. की पुन्हा टाइप केली आणि मिनिटभरात हिरवी खूण आली. मुलाला हाक मारून दाखवली. खुशीत कॉम्प्युटर बंद केला आणि सवयीने भिंतीवरचं बटणही.

पुढच्या वेळी चालू केला तर पुन्हा १ जानेवारी २००९. आणि आता अँटिव्हायरस म्हणत होता की संगणकाच्या तारखेत फेरफार झालेला आढळला असून परवाना स्थगित केला आहे. मुदत संपू नये म्हणून घड्याळ मागे फिरवणारे लोक असतात, त्यांच्यासाठी हा सापळा. परवा मी अनोळखी होते, आता थेट आरोपी.

इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवायची सोय विंडोजमध्ये असते, ती करून पाहिली. तिने नकार दिला. घरगुती संगणकावर ही सोय ५४,००० सेकंदांपर्यंतची, म्हणजे १५ तासांची चूक निमूटपणे सुधारते. त्याहून मोठा फरक दिसला की तिला वाटतं, एवढी मोठी चूक असूच शकत नाही, नक्की काहीतरी गडबड आहे. म्हणजे घड्याळ थोडं चुकलं तर मदत मिळते आणि फार चुकलं तर मिळत नाही. यावर मला बरंच काही म्हणता आलं असतं, पण तेव्हा मी फक्त कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, आणि या वेळी एफ वन दाबायच्या आधी चष्मा लावून पहिली ओळ वाचली.

सीमॉस चेकसम एरर. म्हणजे सुरू होतानाच्या सेटिंग जपणारी छोटी स्मृती बिघडली आहे. इतके महिने, दर वेळी, सगळ्यात आधी, न चुकता तो मला सांगत होता.

सीपीयूचं झाकण काढलं तर धुळीची एक मऊ गादी निघाली, आणि तिच्याखाली मदरबोर्डवर एक चकचकीत गोल सेल. सीआर २०३२. त्या आकड्यातच त्याचं माप आहे: २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. तीन व्होल्टचा. वीज गेली असताना घड्याळ चालू ठेवायचं आणि त्या सीमॉसमधल्या सेटिंग जपायच्या, एवढंच त्याचं काम. भिंतीवरचं बटण चालू असतं तोवर वरून वीज मिळते, म्हणून याच्यावर ताण येत नाही. वीज वाचवायची म्हणून मी दर वेळी बटण बंद करत गेले आणि हा बिचारा अंधारात एकटा वेळ मोजत मोजत संपला. बाजूची पट्टी नखाने दाबली की तो उडी मारून बाहेर येतो. नवा बसवायला मिनिटही लागलं नाही.

स्थगित परवाना मोकळा करून घ्यायला हेल्पलाइनवर पुन्हा संगीत ऐकलं. या वेळी वेगळा मुलगा होता. “सिस्टिम जुनी आहे का मॅडम?” म्हणाला. मी म्हटलं, सेल जुना होता.

एवढं करून हा कॉम्प्युटर सुरक्षित झाला असं मी समजत नाही. मायक्रोसॉफ्टने विंडोज सेव्हनची सर्वसाधारण डागडुजी १४ जानेवारी २०२०लाच थांबवली. भिंतीला भोकं पडली तर ती बुजवणारं आता कुणी नाही, आणि दारात बसवलेला पहारेकरी भिंतीचं काय करणार? म्हणून स्कॅनिंग झालं की मी इंटरनेटची वायर काढून ठेवते. त्याच्यावर ना बँक, ना ईमेल. दुभाष्याने दुभाष्याचंच काम करावं.

पण पहारेकरी जागा आहे की नुसता गणवेश घालून बसलाय, हे बघायची खुमखुमी होतीच. त्यासाठी एक खोटा चोर मिळतो. आयकार नावाच्या युरोपातल्या संस्थेने ठरवून दिलेली ६८ अक्षरांची एक ओळ आहे. पूर्ण निरुपद्रवी, पण ती दिसली की व्हायरस सापडल्यासारखं वागायचं असा अँटिव्हायरस लिहिणाऱ्यांमध्ये संकेत आहे. मी नोटपॅड उघडलं आणि लॅपटॉपवर बघून ती ओळ एकेक अक्षर करून टाइप केली. सेव्ह केली. शांतता. पुन्हा सेव्ह केली. पहारेकरी ढिम्म. पोटात गोळा आला.

मग सूचना नीट वाचल्या. तिथे लिहिलं होतं: तिसरं चिन्ह हे इंग्रजी मोठं ओ आहे, शून्य नव्हे.

शून्य खोडून ओ टाइप केला. सेव्हवर टिचकी मारायचा अवकाश, कोपऱ्यातून लाल पाटी वर आली. फाइल गायब. अहवालात धोक्याचं नाव, फाइलचं नाव आणि केलेली कारवाई लिहिली होती. मी मात्र आधी शेवटचा रकाना वाचला. तारीख आजची होती.