दाजींचे चाळीस एकर आणि सरकारचं हरीण

आमच्या दाजींनी अमेरिकेत, नेवाडात चाळीस एकर जमीन घेतली आहे, हे ठाण्यातल्या उथळसरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. दुकानात मटण घ्यायला येणारे जुने गिऱ्हाईक विचारतात, "काय लावलंय तिथे? आंबा की काजू?" चाळीस एकर म्हटलं की आपल्याला भाताची खाचरं दिसतात, विहीर दिसते, बांधावरचं फणसाचं झाड दिसतं. तिथे यातलं काहीच नाही. लाइट नाही, पाणी नाही, कुंपण नाही, डांबरी रस्ता नाही. कमरेएवढी सेजब्रशची राखाडी झुडपं, उतारावर ज्युनिपरची ठेंगणी झाडं आणि दिवसभर वारा. झुडपाचं पान बोटांत चुरडलं की ओव्याच्या आसपासचा, पण त्याहून कडवट वास येतो. कपड्यांतून तो लवकर जात नाही.

बहीण आणि दाजी रीनोला राहतात. तिथून हायवे ८० धरून पूर्वेकडे निघायचं. विनेमका, एल्को, वेल्स मागे पडलं की ओएसिसच्या फाट्यावर २३३ नंबरचा रस्ता लागतो. तो मॉन्टेलो नावाच्या छोट्याशा गावाला जातो, आणि त्याच्याही पुढे कच्ची वाट. सगळं मिळून सहाशे किलोमीटरच्या वर. उंची साधारण १८०० मीटर, म्हणजे महाबळेश्वरहून जास्त. पण पाऊस आणि बर्फ धरून वर्षाचं पाणी अडीचशे मिलिमीटरच्या आसपास. ठाण्यात एकट्या जुलैत त्याच्या तिपटीहून जास्त पडतं. नेवाडा हे अमेरिकेतलं सर्वांत कोरडं राज्य आहे, आणि हा त्याचा उंचावरचा थंड वाळवंटी भाग. वाळूच्या टेकड्या शोधायला गेलात तर सापडणार नाहीत.

अशी जमीन चाळीस-चाळीस एकरांच्या तुकड्यांत का मिळते, याला रेल्वे कारण आहे. १८६२च्या कायद्याने सरकारने रेल्वे कंपन्यांना रुळांच्या दोन्ही अंगांना एक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे तुकडे एक सोडून एक दिले. मधले सरकारकडे राहिले. रेल्वेच्या वाट्याचे पुढे विकले गेले आणि त्यांचेही तुकडे पडले. त्यामुळे आजही शेजारी कधी सरकार असतं, तर कधी आयुष्यात तिकडे न फिरकलेला कोणी मालक. नेवाडाची ऐंशी टक्क्यांच्या आसपास जमीन केंद्र सरकारची आहे. दाजी फोनवरच्या नकाशात हद्दी बघत चालतात. कोणाला आपल्या जमिनीत लोक नको असतील तर तो खांबाच्या वरच्या फूटभर भागाला भडक नारिंगी रंग मारतो, आणि कायद्याने तेवढी खूण पुरते. असा खांब दिसला की दाजी शंभर पावलं जास्त चालतील, पण आत पाय टाकणार नाहीत.

गाईंचं मात्र उलट आहे. तिथे मोकळ्या चराईचा कायदा आहे. कोणाची गुरं आपल्या जमिनीत नको असतील तर कुंपण आपण घालायचं, गुरांच्या मालकाने नाही. आम्ही पोचलो तेव्हा दाजींच्या चाळीस एकरांत कोणाच्या तरी काळ्या गाई निवांत चरत होत्या. दाजींनी त्यांना हात केला आणि तंबूचं सामान उतरवायला घेतलं.

चाळीस एकर शिकारीला पुरत नाहीत, हे मला तिथे गेल्यावर कळलं. हरीण सकाळी इथे तर संध्याकाळी पाच किलोमीटर पलीकडे. ती जमीन दाजी तंबूसाठी वापरतात. सरकारी जमिनीवर साधारण चौदा दिवसांनी मुक्काम हलवावा लागतो, आपल्या जागेत तो प्रश्न नाही. शिकार आजूबाजूच्या सरकारी तुकड्यांत. आणि हरीण तुमच्या तंबूच्या दारात उभं राहिलं तरी ते तुमचं नसतं. वन्य प्राणी राज्याचे, जमीन कोणाचीही असो. मालकालाही शिकारीचा परवाना लागतो आणि वर हरणाचा टॅग, म्हणजे एक हरीण मारायची चिठ्ठी, लागतो.

तो टॅग म्हणजे अगदी म्हाडाची लॉटरी. उन्हाळ्याच्या तोंडाशी अर्ज करायचा, विभाग आणि हंगाम निवडायचा आणि वाट बघायची. नंबर लागला नाही तर एक बोनस पॉइंट जमा होतो. पुढच्या वेळी त्या पॉइंटांचा वर्ग करून तेवढ्या जादा चिठ्ठ्या मिळतात: चार पॉइंट असतील तर सोळा, आणि चालू अर्जाची एक, अशा सतरा. जास्त वर्षं थांबलेल्याचं पारडं जड होतं, पण नव्या माणसालाही आशा राहते. मला ही पद्धत मनापासून पटली. शिवाय १९३७च्या कायद्यानुसार रायफल आणि काडतुसांवर ११ टक्के कर आहे, आणि तो पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो.

आपल्याकडे १९७२च्या कायद्याने शिकार बंद आहे आणि ती बंदच राहावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलाला चहूबाजूंनी इमारती भिडल्या आहेत. तिथे बिबट्या टिकून आहे हीच मोठी गोष्ट. माणूस विरळ आणि जमीन अफाट असलेल्या ठिकाणचा हिशेब इथे लावता येणार नाही.

मी बंदूक हातात घेतली नाही. पाहुण्या व्हिसावर गेलेल्या माणसाला तिथे साधारणपणे बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा परवाना काढला तर सूट असते, पण मला ते नकोच होतं. माझं हत्यार सुरी. दसरा बहिणीकडेच झाला. पाटावर दाजींची रायफल, माझ्यासाठी आणलेल्या दोन सुऱ्या आणि बहिणीची विळी, असं सगळं एकत्र पुजलं, झेंडू वाहिला आणि दुसऱ्या दिवशी निघालो.

पाणी सगळं घरून न्यायचं. माणशी दिवसाला चार लिटर पिण्या-रांधण्याचं, हात-सुऱ्या धुवायचं वेगळं. जनावरांसाठी मात्र त्या माळावर एक सुंदर सोय बघितली. जमिनीलगत पत्र्याचं उतरतं छप्पर, त्यावरचं पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी खालच्या टाकीत, आणि टाकीला जनावराचं तोंड पोचेल असं कुंड. त्याला गझलर म्हणतात. पाणवठ्यापासून शंभर यार्डांच्या आत जनावरांची वाट अडेल असा तंबू ठोकायला कायद्याने मनाई आहे. आम्ही लांबूनच दुर्बिणीने बघायचो. सकाळी तिथे करड्या पाठीचे, लाल चोचीचे, कुशीवर काळे पट्टे असलेले पक्षी थव्याने उतरायचे आणि एकसारखे चक-चक करायचे. दाजी म्हणाले, "दादा, हे चुकार. आपल्याच बाजूचे आहेत." खरंच, तो आपला चकोर. हिमालयात, लडाखात राहणारा. १९३०च्या दशकात नेवाडात सोडला आणि त्या खडकाळ डोंगरांत तो असा रुजला की आता त्याचाही शिकारीचा हंगाम असतो. चांदणं पिणारा पक्षी म्हणून लहानपणापासून ऐकलेला चकोर मी पहिल्यांदा पाहिला तो मॉन्टेलोच्या पुढे, पत्र्याच्या टाकीवर पाणी पिताना.

शेकोटी आम्ही पेटवली नाही. युरोप-आशियातून आलेलं चीटग्रास नावाचं गवत तिथे सगळीकडे पसरलंय. ते लवकर वाळतं आणि एका ठिणगीने मैलोन्‌मैल सेजब्रश जळून जातो. गॅसची शेगडी आणि कुकर. त्या उंचीवर पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. बहिणीने कुकर आठवणीने दिला होता. रात्री पारा शून्याखाली जायचा आणि सकाळी तंबूच्या आतल्या कापडावर आमच्याच श्वासाचं बर्फ असायचं.

हरीण मिळालं ते एका सकाळी. म्यूल डिअर, खेचरासारखे मोठे कान म्हणून हे नाव. दाजी खडकाला टेकून बराच वेळ नुसते बघत होते. नर आडवा उभा राहीपर्यंत त्यांनी चापाला बोट लावलं नाही. दोनशेएक मीटरवरून एकच गोळी, आणि ते दहा-पंधरा पावलांत बसलं. मग लगेच जायचं नाही. अर्धा तास थांबायचं. जवळ गेल्यावर दाजींनी टोपी काढली, डोळ्याला काठी लावून खात्री केली, टॅग भरला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "दादा, आता तुमचं काम."

आमच्या घरात हा धंदा आजोबांपासून. पण दुकानात आकडा असतो, ओंडका असतो, नळ असतो, आणि बोकड पंधरा-वीस किलोचा. इथे नव्वदेक किलोचं जनावर उतारावर पडलेलं, टांगायला झाड नाही आणि पाणी तेवढं बाटलीतलं. आधी अंगाची ऊब काढायची. ऊब अडकते ती जाड कातड्याखाली, आणि मांस सर्वांत आधी बिघडतं ते खुब्याच्या सांध्याजवळ, हाडालगत. म्हणून पोट न उघडता पाठीवरून सुरुवात केली. मानेपासून शेपटीपर्यंत एक चीर, सुरीचं पातं आतून बाहेर. वरून कापलं तर केस तुटतात आणि मांसाला चिकटतात, आणि या हरणाचा केस पोकळ, नुसत्या हाताने झडणारा. कातडं बाजूला पसरलं, त्याचीच स्वच्छ चटई झाली. वरच्या अंगाचा खांदा आधी सुटला. खांद्याला हाडाचा सांधा नसतो, मांसावरच तो जोडलेला असतो, म्हणून पाय उचलून धरला की सुरी आपोआप आत शिरते. मग मांडी, मग कण्यालगतची लांब पट्टी, मानेचं मांस, बरगड्यांच्या मधलं. मग धड उलटवून दुसरी बाजू. शेवटी पोट उघडून कलेजी आणि दिल. चरबी पांढरी, टणक. आणि मांसाला सेजब्रशचा पुसटसा वास. बोकडाच्या मांसापेक्षा रंग खूपच गडद, जवळजवळ जांभळा.

दाजी प्रत्येक भाग सुती पिशवीत घालून सावलीत खडकावर ठेवत होते. डोमकावळे तोवर आलेच होते. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं हा तिथे गुन्हा आहे, आणि नसता तरी आमच्या घरात ते कोणी केलं नसतं. पाठीवर सामान बांधून चढ-उतारावरून तंबूपर्यंत आणताना खांदे सोलवटून निघाले. दाजी म्हणतात तिथे लोक शिंगांचे फोटो लावतात. मला त्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काय वाटलं म्हणाल, तर ही वाहून आणण्याची मेहनत. दुकानात पाव किलो मागणाऱ्याला ती दिसत नाही. बोकडामागेही कोणाची तरी असतेच.

मांस दाजींनी ज्युनिपरच्या सावलीत टांगलं, आणि इथे माझी धंद्याची समजूत बदलली. ठाण्यात सकाळी कापलेलं दुपारपर्यंत संपवायचं. दमट हवेत दोन-तीन तासांत मांसाला चिकटपणा येतो. म्हणून आपल्या गिऱ्हाइकाला गरम, ताजंच लागतं. तिथे रात्रभराच्या कोरड्या थंडीत मांसावर पातळ कडक पापुद्रा आला, आत ओल टिकून राहिली. कापल्यावर ताठलेलं मांस एक-दोन दिवसांत पुन्हा सैल पडतं, मऊ होतं. त्या रात्री फक्त कलेजी केली, घरून नेलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात. मांडीचा रस्सा थांबून, ताठरपणा गेल्यावर. आयुष्यभर मटण विकणारा माणूस सांगतोय: असं मुरू दिलेलं मांस मी याआधी खाल्लं नव्हतं. दुकानात चिलर आहेच. आता दोन मांड्या मी रात्रभर त्यात टांगून ठेवतो आणि सकाळी विश्वासाच्या गिऱ्हाइकांना देतो. आमच्या समोरच्या इमारतीतल्या काकूंनी परवा मुद्दाम "कालची मांडी" मागितली.

घरी पोचल्यावर हाडं सोडून तीसेक किलो निघालं. अर्धं बहिणीच्या फ्रीझरमध्ये, बाकी दाजींच्या ऑफिसातल्या दोन मराठी घरांत आणि शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याला. हरणाचा टॅग मिळाला की साठलेले पॉइंट जातात, पुन्हा शून्यापासून सुरुवात. दाजींनी पुढचा अर्ज करायचं ठरवलं आहे, पण नंबर कधी लागेल कोण सांगणार. तोवर जमीन आहेच, आणि चुकारचा हंगाम ऑक्टोबरपासून हिवाळाभर चालतो. त्याला लॉटरी नाही, परवाना पुरतो. पुढच्या खेपेला मुलाला घेऊन ये, असं बहीण म्हणाली आहे. त्याला सोलायचं काम येतं, वाहून आणायचं शिकायचं आहे.