भाकरी थापताना सुचतं ते टेबलावर का सुचत नाही

मी फिक्श्चर डिझाईनचं काम करते, म्हणजे मशीनवर जॉब (ज्यावर काम करायचं तो धातूचा तुकडा) घट्ट धरून ठेवायला जे लागतं ते बनवायचं. कोल्हापुरात फाउंड्री, कास्टिंग, मशिनिंग हे शब्द घराघरात ऐकू येतात, त्यामुळं जास्त समजावत बसत नाही. पण माझ्या चांगल्या आयडियांपैकी फार थोड्या कॉम्प्युटरपुढं बसून सुचल्यात. बाकीच्या भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, नाहीतर रंकाळ्याला फेरी मारताना. आणि हे फक्त माझंच नाही, इथल्या कारखान्यांच्या उद्यमनगरात कुणालाही विचारा, अंघोळीला गेलो आणि सुचलं असं सांगणारा एकतरी भेटणारच.

एक जॉब होता, पातळ भिंतीची रिंग. चकात, म्हणजे तीन जबड्यांच्या (जॉच्या) पकडीत, धरली की जॉ तिला तीन बाजूंनी दाबणार, दाबलेल्या रिंगमध्ये बोअर मारला (आतलं गोल भोक कापलं) की तो मशीनवर गोल दिसणार, आणि चक सैल केला की रिंग आपल्या मूळ आकारावर जाणार आणि बोअरचा गोलपणा गेला. जरा हलकं धरावं तर जॉब हलतो. मिस्त्री रोज म्हणायचे, "मॅडम, अजून थोडं लूज धरून बघूया का?" आणि मी स्क्रीनवर जॉ रुंद कर, मऊ जॉ लाव, असलंच करत बसलेली.

मग एका सकाळी ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळून परातीत थापायला घेतलं. भाकरी करणाऱ्याला माहितीय, एकदा हात बसला की त्यात डोकं लागत नाही पण लक्ष लागतं, तळहातानं थापत थापत फिरवायची, कड चिरली तर बोटानं सांधायची, तवा जास्त तापलाय का बघायचं. तव्यावर टाकून वरनं पाणी फिरवत होते आणि एकदम डोक्यात आलं की बाजूनं धरायचंच कशाला, वरनं रिंगच्या तोंडावर, म्हणजे सपाट कडेवर, दाबूया, भिंतीवर दाबच नको. ही पद्धत लेथवाल्यांना जुनीच माहितीय, पण या जॉबला ती कशी बसवायची, क्लॅम्प कुठं येणार, कापणारं टूल कुठनं आत जाणार, ते सगळं एका दमात दिसलं.

हे का होतं याचं मला फार कुतूहल आहे म्हणून वाचत गेले. मार्कस रायकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मांडलं की आपण ठरवून काही करत नसतो तेव्हाही मेंदूचे काही ठराविक भाग एकत्र चालूच असतात, त्याला डीफॉल्ट मोड नेटवर्क म्हणतात. मेंदू वजनानं शरीराच्या साधारण 2 टक्के पण ऊर्जा खातो जवळपास 20 टक्के, आणि आपण निवांत बसलो म्हणून हा खर्च फारसा कमी होत नाही.

पण नुसतं निवांत बसून भागत नाही, आणि मला खरं महत्त्वाचं हेच वाटतं. 2012 मध्ये बेंजामिन बेअर्ड आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला, लोकांना साध्या वस्तूचे वेगवेगळे उपयोग सुचवायला सांगितले, मधे ब्रेक दिला, कुणाला अवघड काम, कुणाला सोपं, कुणाला नुसती विश्रांती. सोपं काम करणारे परत आल्यावर जास्त चांगलं सुचवू लागले, पण फक्त आधी डोक्यात घातलेल्या वस्तूंसाठी, नवीन वस्तूंसाठी नाही! पुढं इतरांनी तसेच प्रयोग केले तेव्हा सगळीकडं हा फरक दिसला नाही, म्हणून 2022 मध्ये झॅकरी आयर्विंग आणि सहकाऱ्यांनी ब्रेकमधलं कामच बदललं, एका गटाला कपड्यांच्या घड्या घालण्याचा कंटाळवाणा व्हिडिओ, दुसऱ्याला जरा गुंतवणारा सिनेमातला सीन. मन भटकलं की जास्त सुचतं, हा फायदा दुसऱ्या गटात दिसला. म्हणजे अगदी कंटाळवाणं नको आणि डोकं पिळणारं पण नको, मधलं. माझ्या मते भाकरी बरोब्बर तिथं बसते.

आणि आधी घाम गाळायला लागतोच. पॉइंकारे या फ्रेंच गणितज्ञाला बसच्या पायरीवर पाय ठेवताना मोठं उत्तर सुचलं ते सगळे सांगतात, पण त्याआधी तो त्या प्रश्नावर कितीतरी झटला होता हे कुणी सांगत नाही. ग्रॅहम वॉलस यांनी 1926 मध्ये हेच टप्पे लिहिले, आधी तयारी, मग मुरत ठेवणं, मग सुचणं, आणि शेवटी तपासणं. लोणच्यासारखंच आहे, फोडी आणि मसालाच घातला नाही तर बरणीत मुरणार काय?

म्हणून मी आता संध्याकाळी निघायच्या आधी अडलेला जॉब कागदावर हातानं काढते, कुठं अडलंय तेवढंच त्यावर लिहिते आणि घरी येते. स्वयंपाकघरात फोनवर काही चालू ठेवत नाही, गाणी पण नाही, कारण ती मधली जागा लगेच भरून जाते. सुचलं की पिठाचे हात तसेच, मुलाला हाक मारायची, तो फोन धरतो आणि मी बोलून रेकॉर्ड करते, नाहीतर डबे भरेपर्यंत अर्धं गेलेलं असतं. आणि कारखान्यात गेल्यावर पहिल्यांदा ते मोजून बघायचं, कारण तव्यापुढं सुचलेलं सगळंच चालतं असं नाही, रिंगच्या फिक्श्चरचा सुद्धा पहिला क्लॅम्प टूलच्या आड येत होता, तो मिस्त्रींनी खाली घ्यायला लावला.