तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रीकांच्या मंडळात मी काय करते?

मेलबर्नमधला ओळखीचा मराठी माणूस एकदा तरी विचारतोच: आपलं महाराष्ट्र मंडळ असताना तुम्ही त्या ग्रीकांच्या मंडळाचे हिशेब का लिहिता? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मी मेलबर्नच्या ओकली उपनगरात राहते. इथल्या ईटन मॉलमध्ये रविवारी कॉफी प्यायला बसलं, की इंग्रजीइतकंच ग्रीक कानावर पडतं. शेजारच्या आजी एकदा कुंपणावरून म्हणाल्या, "आमच्या मंडळाला हिशेबनीस हवाय, पण आमच्यातला नको. आमच्यातला ठेवला की भांडणं." माझा धंदाच तो, म्हणून गेले.

हे मंडळ ग्रीसचं नाही, एका गावाचं आहे. दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनीज द्वीपकल्पात, आर्केडियाच्या डोंगरात वसलेलं गाव. हिवाळ्यात तिथली बहुतेक दारं बंद असतात. गावापेक्षा सभासदच जास्त भरतील. अशी मंडळं इथे पुष्कळ. इथाका बेटाच्या लोकांचं तर १९१६ पासून आहे. दुसरं महायुद्ध, त्यामागोमाग १९४९ पर्यंत चाललेली यादवी, यांनी ग्रीक खेडी पार मोडली. १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियाने ग्रीसशी स्थलांतराचा करार केला आणि बोटी भरभरून माणसं आली. कारखान्यांत लागली, आणि जरा हातात पैसे खुळखुळायला लागल्यावर गावागावाची मंडळं काढली.

वही उघडली आणि मी चाटच पडले. चर्चच्या घंटाघराचं छप्पर. चौकातल्या चिनाराभोवतीचा ओटा. झऱ्यावरची नवी तोटी. पलीकडच्या रकान्यात वर्गण्या आणि जेवणावळीची तिकिटं. ही वही मी लहानपणी पाहिली होती! वडील गुहागरकडचे. लालबागच्या खोलीत त्यांच्या ग्रामस्थ मंडळाची बैठक बसायची: देवळाचा जीर्णोद्धार, शाळेचे पत्रे, शिमग्याला पालखी कुणाकुणाकडे आधी जाणार. चाकरमान्यांची भांडणंही तीच, वाडीवरून वाडीवर. इथे वरच्या आळीचे आणि खालच्या आळीचे अजून एका टेबलावर बसत नाहीत, आणि दोघेही साठ वर्षांपूर्वी गाव सोडून आलेले.

महाराष्ट्र मंडळात मी जाते बरं का. गणपती, नाटक, दिवाळी फराळ, सगळं छान. पण तिथे कुणी कुणाला गाव विचारत नाही. विचारलं तर 'पुणे' किंवा 'ठाणे' एवढ्यावर भागतं. मला वाटतं, परदेशात मुळं टिकतात ती सणांनी कमी आणि देण्याने जास्त. ज्या गावाच्या छपराचा खर्च तुम्हाला दर वर्षी द्यायचा असतो, त्या गावात पाऊस किती झाला हे तुम्ही विचारताच.

सण त्यांचेही आहेतच. नव्या वर्षाचा वासिलोपिता केक मंडळात कापतात तेव्हा इथे भर उन्हाळा, पंखे फिरतायत. पहिला तुकडा ख्रिस्ताचा, दुसरा मरियमचा, आणि आमच्या या मंडळात तिसरा गावाचा. केकमध्ये भाग्याचं नाणं दडवलेलं असतं. यंदा ते गावाच्याच तुकड्यात निघालं. खालच्या आळीतल्या एका आजोबांनी लगेच शंका काढली, की सुरी मुद्दाम तिरकी चालवली. ग्रीक येत नसूनही मला ते कळलं.

सगळं गोडगोड नाही. नातवंडांना ग्रीक शनिवारच्या शाळेत जेवढं शिकवलं तेवढंच येतं, पुष्कळांना तेही नाही. दर वर्षी सभासदांच्या यादीतली नावं मीच खोडते. पण ऑगस्टमध्ये, पंधरा तारखेच्या मरियमच्या जत्रेला, हीच नातवंडं तिकिटं काढून गावी जातात, आणि परत आली की त्यांच्या डोक्यात घंटाघर नसतं.

सध्याचा वाद तोच. तरुणांना गावामागच्या जुन्या खेचरवाटेवर दगड बसवून, पाट्या लावून ती चालण्याजोगी करायची आहे. म्हाताऱ्यांना छप्पर पुन्हा एकदा. वार्षिक सभेत मतदान आहे. मला मत नाही, मी फक्त आकडे मांडते. तरी पायवाटेचं अंदाजपत्रक जरा जास्त निगुतीने केलंय, एवढं कबूल करते. शेजारच्या आजींनी ते बघितलंय, आणि त्या वरच्या आळीच्या आहेत. तेव्हा सभेला काय होईल ते आत्ताच दिसतंय.