तेरा फर्मे

छापखान्यातल्या काकांनी पानं मोजली आणि म्हणाले, "ताई, 211 पानं होत्यात. तीन पानं कमी करा. 208 मध्ये बसवलं तर बरोबर 13 फर्मे, न्हाईतर तीन पानांपायी कागद वाया जाणार."

सोळा पानांचा एक फर्मा, हे मला तिथं कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत उभ्या उभ्या कळलं. लहानपणापासून हजारेक पुस्तकं वाचली असतील, पण पुस्तक असं सोळा-सोळा पानांच्या घड्यांनी बनतं याची कल्पना नव्हती. घरी येऊन तीन पानं शोधायला बसले. पंचगंगेच्या घाटावरच्या संध्याकाळचं लांबलचक वर्णन होतं, माझं अतिशय लाडकं. तेच गेलं. कादंबरी त्यामुळे सुधारली, हे मान्य करायला मला आठवडा लागला.

कादंबरी 2019 च्या महापुराची. प्रयाग चिखलीतल्या एका घरातल्या दोन जावा, त्यांच्या चार म्हशी आणि छावणीतले नऊ दिवस. एका प्रकाशकाकडून उत्तर आलं नाही. दुसऱ्याकडून चौदा महिन्यांनी आलं, पण खर्च मीच करायचा होता. पैसे मीच घालायचे तर निर्णयही माझेच असू देत, म्हणून स्वतः छापायचं ठरवलं. पतसंस्थेतली नोकरी असल्यामुळे हिशेब मांडायची सवय होती, बाकी सगळं नवीन.

पहिला धडा छापखान्याच्याही आधी मिळाला. हस्तलिखित पाच जणांना वाचायला दिलं. चौघांनी "छान आहे" म्हटलं. चिखलीच्या एका वहिनींनी मात्र बारावं पान उघडून माझ्यासमोर धरलं. तिथं थोरल्या जावेला पाणी वाढल्याचं रेडिओवरून कळतं, असं मी लिहिलं होतं. वहिनी म्हणाल्या, "शहरात तुमी राजाराम बंधाऱ्यावर किती फूट झालं ते इचारता. 43 झालं की धोका. आमी पायरीवर खूण करतो आन् तासातासाला जाऊन बघतो." ते प्रकरण मी नव्यानं लिहिलं. पूर्ण पुस्तकात आज सगळ्यात जास्त दाद मिळते ती त्या पायरीला. पहिले वाचक निवडताना साहित्याची जाण बघू नका, ज्यांचं आयुष्य तुम्ही लिहिलंय त्यांच्यातलं कुणीतरी धरा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

मग अक्षरजुळणी. मी सगळं युनिकोडमध्ये टाइप केलेलं. डीटीपीवाले दादा अजून श्रीलिपी या जुन्या फाँटप्रणालीवर काम करतात, त्यामुळे मजकूर रूपांतरित करावा लागला. पहिलं प्रूफ हातात आलं आणि पोटात गोळा आला. "किनाऱ्यावर"चं झालेलं "किनार्यावर", "दुसऱ्या"चं "दुसर्या", "वाऱ्यानं"चं "वार्यानं". पुराच्या कादंबरीत किनारा आणि वारा किती वेळा येत असेल, विचार करा! "आचाऱ्याला" आणि "आचार्याला" यांत कोण स्वयंपाक करतो आणि कोण शिकवतो एवढा फरक पडतो. तो नुसत्या त्या आडव्या रकारानं सांभाळलेला असतो. शोधून-बदलून बरेच शब्द दुरुस्त झाले, पण "सूर्यावर" आणि "कार्यानं" असे शब्द त्या झपाट्यात उलटे बिघडले. शेवटी प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागली. मुखपृष्ठावर तर "ल" आणि "श" हिंदी वळणाचे आले होते. चित्रकार म्हणाला, कुणाच्या लक्षात येणार नाही. माझ्या आलं होतं. फाँट बदलून घेतला.

इथं मी मुद्रितशोधकाला वेगळे पैसे दिले, पानाला 20 रुपये. स्वतःचं लिखाण स्वतः तपासता येत नाही. डोळा छापलेलं वाचत नाही, मनात असलेलं वाचतो. तरी तिसरं प्रूफ मी घरी मोठ्यानं वाचलं आणि सासूबाईंनी मूळ प्रत बघत ताळा केला. रोज रात्री जेवणं झाल्यावर वीस पानं. त्या अकरा रात्री मला या सगळ्या खटाटोपातल्या सर्वांत प्रिय आहेत. लहान जाऊ म्हशीचं दावं सोडते, त्या जागी सासूबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "आज एवढंच वाच."

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सी तो देते आणि लेखकाला स्वतःच्या नावानं अर्ज करता येतो. माझा अर्ज एकदा परत आला, कारण ओळखपत्रावर सासरचं नाव आणि पुस्तकावर माहेरचं. चूक माझीच. कुणी या क्रमांकाचे पैसे मागितले तर देऊ नका. पुस्तक निघाल्यावर 1954 च्या कायद्याप्रमाणे तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत स्वखर्चानं पाठवायची असते. ती पाकिटं पोस्टात देताना फार बरं वाटलं.

आता हिशेब. 300 प्रतींची छपाई आणि बांधणी 31,500. अक्षरजुळणी 6,240, मुद्रितशोधन 4,160, मुखपृष्ठ 5,000. एकूण 46,900, म्हणजे प्रतीमागं 156 रुपये. किंमत ठेवली 280. वितरकानं 45 टक्के सूट मागितली. वजा केल्यावर हातात 154 येतात, प्रत्येक प्रतीमागं दोन रुपये पदरचे. तिथून मी थेट विक्रीकडे वळले. दहा टक्के सूट, पैसे यूपीआयवर, पाकीट मी स्वतः बांधणार. चौदा महिन्यांत 31 प्रती उरल्या आहेत. युनिकोडची मूळ फाइल जपून ठेवली होती, ती किंडलच्या आवृत्तीला कामी आली.

सगळ्यात जास्त पायपीट मी वाचनालयांसाठी केली. देशातला पहिला ग्रंथालय कायदा 1945 साली कोल्हापूर संस्थानानं केला. करवीर नगर वाचन मंदिर 1850 पासून आहे. अशा गावात वाढलेल्या माझ्यासारखीनं निम्मं आयुष्य उसन्या पुस्तकांवर काढलंय. माझं पुस्तक विकत घेणं ज्यांना परवडणार नाही, त्यांच्यापर्यंत ते पोचावं ही इच्छा पहिल्यापासून होती. करवीर, कागल, शिरोळ तालुक्यांतली वाचनालयं रविवारी स्कूटरवरून फिरले. काहींनी विकत घेतलं, काहींना भेट दिलं.

गेल्या महिन्यात आमच्या पेठेतल्या वाचनालयात गेले. कपाटात माझं पुस्तक नव्हतं, बाहेर गेलेलं. पुढच्या शनिवारी आलं होतं. मागच्या चिठ्ठीवर सात तारखा. वहीत नोंद करून ते मीच घरी आणलं. पान 93 वर, इतक्या वाचनांतून निसटलेलं एक "किनार्यावर" होतं. कुणीतरी पेन्सिलनं, बारीक नेटक्या अक्षरात, समासात "किनाऱ्यावर" लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या आवृत्तीसाठीच्या वहीत मी ते टिपून घेतलं आणि पेन्सिलची खूण तशीच ठेवून पुस्तक परत केलं.