एकरी किती निघतं?

स्पेनमधल्या कॅटलोनियातल्या प्रिओराट या वाइनच्या तालुक्यात राहतो म्हटलं की तासगावकडच्या माझ्या माणसांचा प्रश्न ठरलेला: “तिथं एकरी किती निघतं?” तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून लिहितोय.

इथल्या वाइनचा नियमच असा आहे की हेक्टरी 6,000 किलोच्या वर द्राक्षं काढायची नाहीत. म्हणजे एकरी अडीच टनसुद्धा नाही. उतारावरच्या जुन्या बागांत तेवढीही निघत नाहीत. म्हाताऱ्या वेलीला किलोभर माल लागला तरी खूप. फोनवर हे ऐकून मामा जरा वेळ गप्पच झाले. मग म्हणाले, “मांडव?” नाही. “तारा?” नाही. जुन्या बागेत ठिबकही नाही. गुडघाभर उंचीचं वेडंवाकडं खोड, वर चार फांद्या, आणि वर्षाला एकच छाटणी, थंडीतली.

जमीन पाहिलीत तर उलगडा होईल. शाळेतली दगडी पाटी फोडून कुणी डोंगरभर पसरावी, तसा काळा-तांबूस चुरा. इथे त्याला ‘यिकोरेया’ म्हणतात. पाणी त्यात थांबत नाही. मुळं फटी शोधत खोल जातात. काही उतारांवर ट्रॅक्टर चढत नाही, तिथे अजून खेचर चालतं. उत्तरेला मोंतसांतचा कडा उभा, 1,163 मीटरचा. त्याच्या पायथ्याशी 1194 मध्ये कार्थुसिअन पंथाच्या ख्रिस्ती साधूंना एस्कालादेईचा मठ मिळाला. आसपासच्या गावांवर मठाधिपतीची, म्हणजे प्रिओरची सत्ता, म्हणून प्रिओराट. गंमत अशी की आज तालुक्याचं ठाणं असलेलं फालसेट त्या सत्तेखाली कधी नव्हतंच. 1835 मध्ये मठांच्या जमिनी सरकारजमा झाल्या, साधू गेले. आता तिथे भग्न भिंती आहेत.

द्राक्षाची खरी कथा त्यानंतरची. फ्रान्सच्या बागा फिलोक्सेरा या मुळं खाणाऱ्या किडीने मारल्या, तेव्हा इथल्या वाइनला सोन्याचा भाव आला. कडे-कपारीपर्यंत मजगी घालून वेली लावल्या. 1893 मध्ये तीच कीड इथे पोचली. माणसं रेउसला, बार्सिलोनाला गेली ती गेलीच. इथल्या बेल्मुंत गावची शिशाची खाण तग धरून होती, तीही 1972 मध्ये बंद पडली. आज 500 चौरस किलोमीटरच्या या तालुक्यात 23 पालिका आणि नऊ हजारांच्या आसपास लोकवस्ती. तासगाव शहर याहून कितीतरी मोठं!

उरलेल्यांना सहकाराने सावरलं. फालसेटची सहकारी वाइनरी 1919 ची, बार्सिलोनाचा प्रसिद्ध वास्तुकार गौदी याचा शिष्य सेझार मार्तिनेल याने बांधलेली. आत गेलं की कमानींमुळे देवळात आल्यासारखं वाटतं. आपल्या साखर कारखान्यांना असा वास्तुकार का मिळाला नाही, हा माझा जुना सल.

मग 1989 मध्ये रेने बार्बिए, आल्वारो पालासिओस आणि आणखी काहीजणांनी ग्रातायोप्स गावात एकत्र वाइन केली. ओसाड पडलेल्या उतारांवरचे गार्नाचा आणि कारिन्येना या द्राक्षजातींचे जुने वेल, जे कुणाला नको होते, तेच आता भांडवल झाले. स्पेनमध्ये वाइनच्या सर्वोच्च दर्जाचा शिक्का फक्त रिओखा या प्रदेशाला आणि प्रिओराटला आहे. म्हणून इथे एकराचा हिशेब करून उपयोग नाही, बाटलीचा करावा लागतो. अर्थात महागडी बाटली सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पुष्कळ घरं अजून आर्बेकीना जातीच्या ऑलिव्हवर आणि हेझलनटवर भागवतात.

एक गोष्ट मात्र मामांना समजावून सांगावी लागली नाही. इथली सिउराना नदी डोंगरातून येते, पण तिचं बरंच पाणी रिउदेकान्येसच्या धरणाकडे वळवलं जातं आणि तिथून रेउस शहराला, खालच्या सपाटीवरच्या शेतीला जातं. 2021 नंतरच्या सलग कोरड्या वर्षांत वेली जागच्या जागी वाळल्या, तेव्हाही लोकांच्या तोंडी हेच होतं.

“मग आवर्तन कधी सुटतं तिकडे?” मामांनी विचारलं.

“इथे नाही सुटत, मामा. खालीच जातं.”

“असं होय,” ते म्हणाले, आणि एकराचं विचारायचं विसरले.