बाबांची स्कूटर आणि चिकटलेलं पान

घरातला पसारा मी 2018 च्या चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, काढायला घेतला आणि 2019 च्या चवथीच्या तोंडावर संपवला, असं मी सगळ्यांना ऐटीत सांगते. खरं म्हणजे घर सहा-सात महिन्यांतच मोकळं झालं होतं. पुढचे महिने एका स्कूटरने खाल्ले.

बाबा 2017 मध्ये गेले. घरी आई आणि मी, दादा पुण्याला. घर गोव्यातलं, जुनं, मंगलोरी कौलांचं, वर माळा. माळ्यावर काय आहे हे बाबा सोडून कोणालाच माहीत नव्हतं. आमची पद्धत साधी होती: एक रविवार, एक खण. सगळं घर एका दिवशी उपसायचं नाही, हे आईने आधीच बजावलं होतं. आत्तेने एकदा तो पराक्रम केला होता आणि रात्री घरच्यांना झोपायला मोकळी खाट सापडत नव्हती.

खण भराभर उरकले. जुन्या साड्या सावंतवाडीच्या मामीने गोधड्यांसाठी नेल्या. दिवाळी अंक गावच्या वाचनालयात गेले. (आधी विचारून जा. कसर लागलेले अंक कोणी घेत नाही, आमचे निम्मे परत आले.) स्टीलचे डबे, सात फुटके थर्मास, लग्नात आलेली न उघडलेली लेमन सेट. तांब्याचं भाण (आंघोळीचं पाणी तापवायचं भांडं) मात्र आईने चिंच लावून घासलं आणि परत न्हाणीत ठेवलं, त्यावर चर्चा नाही. आजोबांचा भात मापायचा कुडव आणि नांगराचा फाळ माझ्याच्याने टाकवला नाही. बाणावलीला 'गोवा चित्र' हे अख्खं संग्रहालय लोकांनी टाकलेल्या असल्या वस्तूंतून उभं राहिलंय, हे मी दादाला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "मग तिकीट लाव."

उरली स्कूटर. 1994 ची बजाज चेतक, पडवीच्या कोपऱ्यात, वर ताडपत्री. बाबांनी कर्ज काढून घेतलेली. पंधरा वर्षांची नोंदणी 2009 ला संपली, बाबांनी ती वाढवली नाही आणि गाडी विकलीही नाही. भंगारवाला दारात येऊन दोन हजार देतो म्हणाला. दादा म्हणाला, देऊन टाक. मी देणारच होते, पण शेजारच्या काकांनी अडवलं. कागदावर गाडी बाबांच्या नावावर असेपर्यंत तिच्या इंजिनाचं, नंबराचं कोणी काहीही केलं तरी नोटीस आमच्याच पत्त्यावर येणार. आधी नोंदणी रद्द करून घे, म्हणाले.

मालक वारला तर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत वारसाने फॉर्म 31 भरायचा, असा नियम आहे. आम्ही दोन वर्षं घालवली होती. तरी तो भाग सोपा निघाला: मृत्यूचा दाखला, आईचा अर्ज, दादाची आणि माझी संमती असलेलं प्रतिज्ञापत्र.

अडलं ते 'एचपी'वर, म्हणजे कर्जापोटी गाडी तारण असल्याच्या नोंदीवर. आरसीच्या पुस्तकात पहिल्याच पानाच्या तळाशी शिक्का होता, गाडी अमुक बँकेकडे तारण. खिडकीतल्या माणसाने त्यावर बोट ठेवलं. कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि बँकेच्या सहीचा फॉर्म 35 आणा, त्याशिवाय पुढे काही नाही.

म्हटलं, 1997 ला फिटलंय हो कर्ज.

"पुरावो?"

बँक कोणती ते लिहीत नाही. तशीही ती आता त्या नावाने उरलेली नाही, दुसऱ्या बँकेत विलीन झाली. नव्या बँकेच्या शाखेत गेले तर तिथल्या मुलीने कर्जखात्याचा नंबर मागितला. तो कुठून आणू? बाबांच्या काळ्या फायलीतून. काळी फाइल कुठे? जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मी स्वतः रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवली होती. वर कौतुकाने म्हणालेही होते, बघ आई, एकवीस किलो!

त्या रात्री मी जेवले नाही.

म्हणून हे ठळक लक्षात ठेवा: ज्या कागदावर गाडीचा, जमिनीचा किंवा खात्याचा नंबर आहे तो रद्दी नव्हे. ती वस्तू घराबाहेर गेल्यावर मगच तिचे कागद.

बँकेत तीन फेऱ्या, आरटीओत चार. बँक म्हणते, इतकी जुनी वहीखाती आमच्याकडे नाहीत, तुम्ही पावती आणा म्हणजे पत्र देतो. आरटीओ म्हणतो, पत्र आणा. दर वेळी अर्धी रजा, कदंबाची सरकारी बस, आणि पोचल्यावर, "सायब रजेर आसा, फाल्यां येयात." (साहेब रजेवर आहेत, उद्या या.) एकदा तर मी फाल्यां गेले आणि कळलं की दुसरा शनिवार आहे. ती चूक माझी, पण राग त्यांच्यावरच काढला.

एप्रिलच्या शेवटी एका रात्री मी ते आरसीचं पुस्तक हातात घेऊन बसले होते, रागानेच. पानं मोजत होते, उगाच. कोपऱ्यात छापील आकडे होते. 1, 2, 3. मग 6.

फाटल्याची खूण नव्हती. पण एक पान जाड लागत होतं, बोटांना पोस्टकार्डासारखं. आपल्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बाबांनी पुस्तक प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून स्कूटरच्या डिकीत ठेवलेलं. किती पावसाळे त्या पाकिटात घाम धरून बसले असतील कोण जाणे. दोन पानं एकमेकांना चिकटून एक झाली होती.

नखाने ओढू नका. मी ओढलं आणि कोपरा पांढरा पडला. आईने हातातून पुस्तक काढून घेतलं. तीन दिवस तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं, काही फरक नाही. मग सोलं (आमसुलं) वाळत घालतात त्या सुपात, सकाळच्या उन्हात, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी आईने गजऱ्याची सुई आडवी धरून कडेने हळूहळू आत सरकवली. श्वास रोखून. कागद चर्र असा आवाज करत सुटत होता, मध्येच थांबत होता. अर्ध्या तासाने पान उलटलं.

जांभळा शिक्का. एचपी टर्मिनेटेड. 1997, आणि खाली एका साहेबाची वेलबुट्टीची सही. शाईची अर्धी छाप समोरच्या पानावर उलटी उमटली होती.

म्हणजे बाबांनी सगळं वेळच्या वेळी केलं होतं. आरटीओतच केलं होतं! त्यांच्या कॉम्प्युटरवर जुन्या नोंदी चढवताना कोणीतरी कर्ज चढवलं आणि फेड राहून गेली. मी ते पुस्तक खिडकीत ठेवलं. माणसाने पान बघितलं, उन्हाकडे धरलं, परत बघितलं.

"हें आदीं दाखोवंक जाय आसलें मगे." (हे आधी दाखवायला हवं होतं ना.)

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नोंद दुरुस्त व्हायला आणखी दोन फेऱ्या लागल्या, त्यातली एक साहेबांच्या रजेची.

त्यानंतरचं सगळं आठवड्यात. गाडी मोडीत काढल्याचा अर्ज, सोबत चेसिस नंबरचा कापलेला पत्रा. भंगारवाला ग्राइंडर घेऊन घरीच आला. इंजिनाच्या बाजूचं फुगीर झाकण काढलं, ठिणग्या उडायला लागल्या तशी आई आत गेली आणि उगाच भांडी घासत बसली. पत्त्याच्या पानाएवढा तुकडा निघाला, निळा रंग एका कडेला अजून चकचकीत. तो मी पेढ्यांच्या डब्यात घालून आरटीओत नेला. खिडकीतल्या माणसाला आधी खरंच पेढे वाटले.

भंगारवाल्याने शेवटी दीड हजारच दिले. तीन महिन्यांत भाव उतरला म्हणाला.

आता कोणी हे करणार असेल तर माझ्यासारखं गल्लीतल्या भंगारवाल्यावर विसंबू नका. 2021 मध्ये केंद्राचे गाडी मोडीत काढायचे वेगळे नियम आले. आता नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात गाडी द्यायची, ती जमा केल्याचं आणि मोडल्याचं प्रमाणपत्र ते देतात. एचपीचं लचांड मात्र तेव्हाही होतं, आताही आहे. कर्ज फिटलं त्याच आठवड्यात आरटीओतली तारणाची नोंद उठवून घ्या आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवा. जुनं आरसीचं पुस्तक असेल तर ते डिकीत ठेवू नका.

आणि हो, एक राहिलंच. तेव्हा पत्रा देण्याआधी त्या नंबरावर कागद धरून पेन्सिल घासायची, ठसा घ्यायचा. दोन घ्यायला हवे होते. मी एकच घेतला होता, तो पहिल्या टेबलावर फाइलला टाचला गेला. पुढच्या टेबलाने दुसरा मागितला, तोवर पत्रा त्यांच्याच ड्रॉवरमध्ये गेला होता आणि ड्रॉवरची चावी साहेबांकडे होती.