बाबांच्या मानेवरचं आवाळू

बाबांच्या मानेला उजवीकडे, जबड्याखाली एक आवाळू होतं. दुखत नव्हतं, म्हणून त्याचं कुणी मनावरही घेतलं नाही. लहानपणी मी ते बोटाने ढकलून बघायचे. आडवं सरकायचं, वर-खाली मात्र हलायचं नाही.

कॅरॉटिड बॉडीच्या, म्हणजे मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेल्या इवल्याशा पेशीपुंजाच्या, गाठीची ही खूणच असते, हे मला कळलं ते माझी स्वतःची गाठ काढून झाल्यावर. माझी पोटात होती, मूत्रपिंडाजवळ. तिच्यातून रक्तदाब चढवणारं संप्रेरक नॉरअ‍ॅड्रेनालिन पाझरायचं. एकाएकी डोकं ठणकायचं, घामाने कपडे भिजायचे, छाती धडधडायची आणि थोड्या वेळाने सगळं शांत. तीन वर्षं 'टेन्शन घेऊ नका' ऐकत काढली. शेवटी 24 तासांची लघवी साठवून त्या संप्रेरकापासून बनणारं मेटानेफ्रिन मोजलं, तेव्हा उलगडा झाला. पॅरागँग्लिओमा, मज्जातंतूंलगतच्या पेशींची गाठ. कॅरॉटिड बॉडीची गाठही याच जातीची.

टाके निघाले आणि मला वाटलं, सुटले. तर डॉक्टर म्हणाले, जनुकांची चाचणी करून घ्या. या गाठी झालेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकात दोष जन्मजात असतो म्हणे. रक्ताची एक नळी दिली. काही आठवड्यांनी उत्तर आलं: एसडीएचडी नावाच्या जनुकात दोष. या जनुकाचा अशा गाठींशी असलेला संबंध 2000 साली सापडला. बाबा त्याच्या कितीतरी आधी गेले.

समुपदेशक बाईंनी कागदावर वंशावळ काढली. पुरुषांना चौकोन, बायकांना वर्तुळ. बाबांचा चौकोन त्यांनी काळा केला. मग या जनुकाची तऱ्हा सांगितली. दोष आईकडून येवो की वडिलांकडून, मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. पण गाठी होतात त्या वडिलांकडून आला तरच. अपवाद अगदी विरळा. म्हणजे माझ्या मुलांमध्ये दोष उतरला तरी त्यांना सहसा काही होणार नाही. मुलाकडून मात्र तो दोष पुढे त्याच्या मुलांत उतरला, तर त्यांना गाठी होऊ शकतात.

मला हायसं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. कारण दादाला दोन मुली आहेत.

फोन करायला मी चार दिवस लावले.

"मला तर काहीच होत नाही गं," दादा म्हणाला. मग जरा थांबून, "तुझ्या मुलांचं काय?"

सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही.

"बाबांचं आवाळू आठवतं तुला?" मी विचारलं.

"थांब, आरशात बघतो."

"आरशात बघून नाही कळायचं, दादा. रक्त द्यावं लागेल."